जरा लवकर

जुलैत मुलं समुद्रावर जातात
आणि त्यांच्या शाळेत ही मोठी माणसं येतात.
पंधरा दिवस, सकाळी नऊ ते चार.
रीगाच्या या गल्लीत लिंडन फुललेले असतात :
खिडकी उघडली की वास,
मिटली की घाम.

कपड्यांच्या खुंट्यांवर मुलांची चित्रं.
बदक, छत्री, साळिंदर.
दातांची डॉक्टर आउस्मा साळिंदरावरच पिशवी टांगते,
दुसऱ्या कुणी टांगली
की तिचा अख्खा दिवस बिनसतो.

भिंतीचा वरचा दांडा हिवाळ्यात निखळला, तो निखळलेलाच.
म्हणून बारा थोराड माणसं
खालच्या, मुलांच्या दांड्याला धरून उभी,
रस्ता ओलांडताना
लहानग्याचं बोट धरावं तशी.

प्लिए. गुडघे बोलू लागतात,
आधी एकाचे, मग सगळ्यांचे.
मी पियानोवर, चौतीस वर्षं.
वरच्या सप्तकातली एक पट्टी माझीही
दाबली की वर यायला कुरकुरते.

वेल्गा आता पायांनी काही दाखवत नाही.
खुर्चीत बसून दोन तळहात पुढे धरते,
हा उजवा पाय, हा डावा,
आणि हात असे काही उडतात
की बारा जण आपापल्या पावलांकडे
जरा नाराजीनंच पाहतात.

तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरतात
की जिना सगळे उलटे उतरतात,
कठड्याला धरून, हसत, शिव्या देत.
चौथ्या दिवशी हसणं नसतं.
पाचव्या दिवशी दोघं येत नाहीत.
सहाव्या दिवशी त्यातला एक येतो.

तो मॉद्रिस.
बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवली त्यानं.
पायाखाली काच, काचेखाली
चाळीस मीटर नुसती हवा.
बॅलेला का आलास, असं आउस्मानं एकदा विचारलं,
तर म्हणाला, मंगळवारी वेळ होता.

उड्यांची वेळ आली की मी हळूच लय पाडायची.
कुणाला कळू नये इतकीच.
तीच पोल्का, मुलांसाठी वाजवते तीच,
पण ठाय, सावकाश,
म्हाताऱ्या पाहुण्याला जिना चढू द्यावा तशी
एकेका पायरीवर थांबत.
मनात म्हणायची, दमतील बिचारे.

आठव्या दिवशी, मधल्या सुट्टीत,
सगळे बरणीतून गार बीटाचं सूप पीत असताना
मॉद्रिस आला.
कागदाच्या पुडीत रानटी स्ट्रॉबेऱ्या,
त्या पियानोच्या झाकणावर ठेवल्या, जपून,
जणू कंटेनर उतरवतोय.
बाई, रागावू नका, म्हणाला.
जरा लवकर वाजवाल का?
खाली यायला जमतं मला.
वर थांबायला जमत नाही.
तुमचा सूर येतो
तेव्हा मी कधीचा खाली येऊन उभा असतो,
गाडीच्या फार आधी स्टेशनवर पोचलेल्या माणसासारखा,
हातांचं काय करायचं ते न कळून.

कानशिलं तापली माझी.
आठ दिवस मी दया वाजवत होते
आणि ती संपेतो
त्यांना हवेत टांगून राहावं लागत होतं.

स्ट्रॉबेरी खाल्ली. आंबट होती.
मग वाजवली,
मुलांसाठी वाजवते तशी, किंचित उद्धटपणे,
कुरकुरणाऱ्या पट्टीची पर्वा न करता.

फळ्या दणाणल्या.
आउस्मा उडीच्या मध्येच हसली आणि चुकली.
कुणाचा तरी चष्मा गेला.
मॉद्रिस वर गेला :
वीतभर नाही, चार बोटं, मी नीट पाहिलं,
आणि आला तो ठेक्यावर,
दोन्ही टाचा एकदम,
मालकानं आपल्याच घरात यावं तसा.

वेल्गाचे तळहात मांडीवरून उठले,
हवेत क्षणभर राहिले.
तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.
म्हणजे तिला माहीत होतं का, आठही दिवस?
विचारायचं राहिलंच,
कारण ती खुर्चीवरून म्हणत होती,
पाणी नंतर प्या.
पुन्हा.
आता डावीकडून.